नानांचं ब्लूनोज: पावसात जोडलेलं जहाज उन्हाळ्यात का उघडलं

हौसेनं लाकडी जहाजाचं मॉडेल करायला घेतलेली माणसं मधेच सोडतात, ती दोऱ्या आणि शिडांपर्यंत पोचतच नाहीत, त्याच्या बरंच आधी सोडतात. हल म्हणजे जहाजाचं पोट पट्ट्यांनी मढवायचं काम असतं तिथं. कसंतरी मढवून होतं, थोडे महिने छान दिसतं, आणि मग पट्ट्यांच्या मधे भेगा दिसायला लागतात आणि माणूस ठरवून टाकतो की हे आपलं काम नाही. डबा माळ्यावर. हे मी इतक्या जणांचं बघितलंय की आता खरंच वाईट वाटतं, कारण भेग कशामुळं पडली ते त्या भेगेकडं नीट बघितलं की कळतं आणि बहुतेक वेळा दुरुस्तही होतं. म्हणून हे एक प्रकरण मोजमापांसकट पूर्ण लिहितोय. ज्यांचं जहाज आहे त्यांना विचारलं, ते म्हणाले लिही, फक्त नाव घालू नकोस, म्हणून इथं नुसते नाना.

नाना पुण्याजवळ जुन्या सांगवीत राहतात, नदीपासून जवळ. खडकीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी झाली, आता रिटायर. मुलगी कॅनडात असते, ती सुट्टीला आली तेव्हा वडलांसाठी ब्लूनोजचं किट घेऊन आली. ब्लूनोज म्हणजे नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गला १९२१ मध्ये पाण्यात उतरलेली मासेमारीची स्कूनर, शर्यतींमुळं तिचं एवढं नाव झालं की कॅनडाच्या १० सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून ती आहे. मुलीनं ते नाणंपण आणलं होतं, नानांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. खरं जहाज १४३ फूट लांब, १:७५ च्या मापात हल साधारण ५८ सेंटीमीटर होतो, म्हणजे घरात ठेवायला बरोबर.

नवशिक्यांना ब्लूनोज बऱ्याचदा सुचवलं जातं आणि कारण समजण्यासारखं आहे. दोनच डोलकाठ्या, शिडं लांबीच्या दिशेनं लावलेली, त्यामुळं दोऱ्यांचं जंजाळ मोठ्या युद्धनौकेच्या मानानं खूप कमी. पण मला स्वतःला ही शिफारस पटत नाही. शर्यतीचं जहाज असल्यामुळं तिची नाळ म्हणजे पुढचं टोक निमुळतं आहे, मागचा भाग पाण्यावर लांब झेपावलेला आहे, आणि खाली कण्याजवळ पोट एकदम आत वळतं. म्हणजे दोऱ्या सोप्या पण हल अवघड, आणि नवशिक्याला आधी हलच करायचा असतो.

काय केलं होतं

किट नेहमीच्या पद्धतीचं होतं. मधे प्लायचा कणा, त्यात खाचांमधे आडवे बसवलेले प्लायचे बल्कहेड, वरून खोटा डेक, आणि या सांगाड्यावर पट्ट्यांचे दोन थर. पहिला थर बासवूडच्या १.५ मिलिमीटर जाड आणि ५ मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा, दुसरा अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा, तोच शेवटी दिसणारा.

जूनमधे डबा उघडला, सांगाडा झाला आणि जुलै-ऑगस्टमधे नाना पहिल्या थराला लागले. पट्ट्या वाकाव्यात म्हणून रात्रभर बादलीत भिजत घालायचे, सकाळी फडक्यानं पुसायचे, आणि ओलसर असतानाच फेविक्विकनं बल्कहेडला आणि शेजारच्या पट्टीला चिकटवायचे. सगळ्या पट्ट्या पूर्ण ५ मिलिमीटर रुंदीच्याच, डेकपासून सुरू करून खाली खाली. पुढं नाळेपाशी जागा पुरेना तेव्हा पट्टी दाबून, चिमटे लावून बसवली. शेवटच्या काही पट्ट्यांची टोकं सुईसारखी कापावी लागली. मग घासलं, आणि गणपतीत घरी आलेल्या सगळ्यांनी हल हातात घेऊन वाहवा केली, आणि ती वाहवा खोटी नव्हती, तेव्हा तो खरंच गुळगुळीत होता.

होळीच्या आसपास पहिली भेग दिसली. एप्रिलच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं तोपर्यंत डाव्या बाजूला पाच-सहा आणि उजव्या बाजूला तीन मोठ्या भेगा होत्या, दिव्यासमोर धरलं तर आतला उजेड दिसत होता.

कारणं घरातल्या प्रत्येकाकडं तयार होती. जावयाचं म्हणणं किटमधलं लाकूड खराब. सोसायटीत फर्निचरचं काम चालू होतं तिथला सुतार म्हणाला काका पुट्टी मारा नि विसरा. काकूंचं म्हणणं की उन्हाळ्यात आमच्या किचनच्या ट्रॉल्यांचे दरवाजेपण असेच करतात, आणि पुढं बघाल, सगळ्यात बरोबर त्याच होत्या. नानांनी मात्र दोष स्वतःवर घेतला होता.

"आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केलं रे मी. आणि इथं बघ, बोट जाईल एवढ्या फटी. हात गेले माझे."

"नाना, हाताचा काही संबंध नाहीये. हाताची चूक असती तर गणपतीत दिसली असती. सहा महिन्यांनी कशी दिसेल?"

हा प्रश्न त्यांना पटला. फिटर माणूस, जॉब आज मापात आहे आणि सहा महिन्यांनी मापात नाही म्हणजे मटेरियल हललंय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. लोखंडात हे फक्त तापमानानं आणि अगदी जरासं होतं, लाकडात हवेतल्या ओलीनं होतं आणि भरपूर होतं, एवढाच फरक त्यांना नवीन होता.

दोन वेगळे आजार

हल हातात घेऊन बघितलं तर दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या आणि त्या एकमेकांत मिसळल्यामुळं गोंधळ वाटत होता.

पहिली, सरळ भेगा. जहाजाच्या मधल्या भागात, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर, लांबच लांब आणि बऱ्यापैकी एकसारख्या रुंदीच्या. पट्ट्यांची पातळी दोन्हीकडं सारखी, बोट फिरवलं तर उंचवटा लागत नाही, फक्त मधे मोकळी जागा. दुसरी, नाळेजवळचे कंगोरे. तिथं भेग नव्हती, पण प्रत्येक पट्टीची एक कड उचललेली, कौलांसारखी एकावर एक चढल्यासारखी.

पहिली गोष्ट हवेची आहे. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत खाली येते आणि जुलै-ऑगस्टमधे ८० च्या वर असते. लाकूड हवेशी जुळवून घेतं, पावसाळ्यात घरातल्या लाकडात वजनाच्या १५-१६ टक्के पाणी असतं, कडक उन्हाळ्यात ते ७-८ वर येतं. आता बासवूड हे मॉडेलवाल्यांचं लाडकं लाकूड, मऊ, सरळ रेषांचं, ब्लेड लोण्यातून गेल्यागत जातं, पण ते हलतं फार. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते रुंदीत एका दिशेनं ६.६ आणि दुसऱ्या दिशेनं ९.३ टक्के आक्रसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे ओलीत ८ टक्क्यांचा फरक पडला की रुंदी साधारण २ टक्क्यांनी कमी होते.

नानांच्या हलवर मधल्या बल्कहेडपाशी डेकपासून कण्यापर्यंत एका बाजूचं अंतर ११० मिलिमीटर आहे. २ टक्के म्हणजे २ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. आतला सांगाडा प्लायचा, प्लायमधे थर एकमेकांना आडवे असल्यामुळं तो जवळजवळ हलत नाही. मग ते दोन मिलिमीटर जाणार कुठं? सगळ्या सांध्यांत सारखे वाटले गेले असते तर प्रत्येक सांध्याला ०.१ आला असता, कुणाला दिसलापण नसता. पण सांधे फेविक्विकनं कडक चिकटलेले होते, फेविक्विकला लवचिकपणा नाही, जे सांधे मजबूत होते ते हललेच नाहीत आणि जे चार-पाच कच्चे होते त्यांनी सगळ्यांचा वाटा घेतला. म्हणून थोड्याच पण मोठ्या भेगा. हे कळलं की भेगेची भीती जाते.

त्यात ओल्या पट्ट्या चिकटवल्याची भर. उरलेली एक पट्टी घेऊन नानांनी व्हर्नियरनं मोजली, ५.० होती. रात्रभर भिजवली, सकाळी ५.३. एवढंच. पण हे त्यांनी स्वतः मोजलं म्हणून त्याचा परिणाम झाला, मी नुसतं सांगितलं असतं तर ऐकून सोडलं असतं. १.५ मिलिमीटरच्या पट्टीला रात्रभर भिजायची गरजच नसते, १५-२० मिनिटं कोमट पाण्यात पुरतात, मग ती आकारावर चिमट्यांनी वाकवून ठेवायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि वाळल्यावरच चिकटवायची. पावसाळ्यात ते वाळायला दोन दिवस लागले तरी चालतील.

दुसरी गोष्ट, नाळेजवळचे कंगोरे, याचा हवेशी काही संबंध नाही. तो हिशोबाचा प्रश्न आहे. मधे ११० मिलिमीटरमधे ५ च्या २२ पट्ट्या बसतात. पुढं नाळेपाशी तेच अंतर ६६ मिलिमीटर आहे आणि पट्ट्या तर २२ च जाणार, म्हणजे तिथं प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटर व्हायला पाहिजे. ती निमुळती न करता पूर्ण ५ ची ठेवली तर तिला जागा मिळत नाही, ती वर चढायला बघते, आपण दाबून बसवतो, आणि पट्टी रुंदीच्या दिशेनं वाकत नाही म्हणून तिची एक कड उचलते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या जहाजाला नाळेपाशी हे होतं, कारण किटबरोबरच्या कागदांत हा हिशोब बऱ्याचदा नसतो, नुसतं "पट्ट्या बसवा" असं असतं.

थांबायचं ठरलं

हा सगळ्यात अवघड भाग होता. नाना लगेच भेगा भरायला निघाले होते, पुट्टी आणूनही ठेवली होती. मी म्हणलं, "नाना, आत्ता हात लावू नका. नोव्हेंबरपर्यंत थांबा."

"नोव्हेंबर? अरे मे पण नाही लागला."

कारण असं आहे की एप्रिलमधे भेग सगळ्यात मोठी असते. ती तेव्हा कडक पुट्टीनं भरली की जुलैत पट्ट्या फुगतात, त्यांना पसरायला जागा नसते, मग एकतर पट्ट्या बल्कहेडवरून सुटून वर उचलतात नाहीतर कडेचे तंतू आतल्या आत चिरडले जातात. चिरडलेलं लाकूड परत पहिल्या मापाला येत नाही, त्यामुळं पुढच्या उन्हाळ्यात भेग आधीपेक्षा मोठी. उलट ऑगस्टमधे भरायला गेलं तर भरायला काही दिसतच नाही. पुण्यात ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, नोव्हेंबरमधे हवा साधारण मधल्या ओलीवर असते, लाकूडही मधल्या मापावर असतं. तिथं जोडलेली गोष्ट दोन्ही बाजूंना निम्मी निम्मीच हलते. माझं तर स्पष्ट मत आहे की पुण्यात हलचा पहिला थर नोव्हेंबर ते जानेवारीतच लावावा आणि पावसाळ्यात लाकूड सोडून बाकीची कामं करावीत, तोफा, नांगर, रंगवायचे छोटे भाग, ब्लॉक म्हणजे दोऱ्यांच्या छोट्या कप्प्या ओवणं, अशी कामं काही कमी नसतात.

थांबायला नाना तयार झाले पण एका अटीवर, भेगा मोजायच्या. त्यांच्याकडं जुनं फीलर गेज होतं, इंजिनाचा व्हॉल्व्ह सेट करायला वापरतात ते, पातळ पोलादी पात्यांचं. त्यांनी प्रत्येक भेगेला नंबर दिला, बल्कहेडच्या मधोमध पेन्सिलनं खूण केली आणि दर पंधरवड्याला वहीत लिहायला लागले, शेजारी घरातल्या आर्द्रतामापकाचा आकडा. मॉडेलच्या छंदात इतकी वर्षं काढून अशी नोंद ठेवणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही, आणि या लिखाणाला काही किंमत असेल तर ती त्या वहीची आहे.

डावीकडची तीन नंबरची भेग, पाचव्या आणि सहाव्या बल्कहेडच्या मधली, एप्रिलच्या शेवटी ०.८५ होती. जुलैच्या मध्याला ०.४०. ऑगस्टच्या शेवटी ०.२०, नोव्हेंबरमधे परत ०.५०. डाव्या बाजूच्या सगळ्या भेगांची बेरीज एप्रिलमधे २.९ मिलिमीटर आणि ऑगस्टमधे ०.७.

ही बेरीज मला फार महत्त्वाची वाटते. ऋतूमुळं हललं ते २.२ मिलिमीटर, म्हणजे कागदावर आलेल्या दोनच्या अगदी जवळ. आणि ऐन पावसाळ्यातसुद्धा जे ०.७ मिटलं नाही, ते ओल्या पट्ट्या चिकटवल्याचं, कारण चिकटवताना त्या ऑगस्टच्या हवेपेक्षाही जास्त फुगलेल्या होत्या. दोन कारणं, दोन वेगळे आकडे. नाळेचे कंगोरे मात्र ०.४-०.५ होते ते वर्षभर तेवढेच राहिले, गेजच्या एका पात्याचाही फरक नाही, म्हणजे ते दुखणं वेगळं हे वहीनंच सिद्ध केलं.

मधे नानांनी विचारलं की मग सागवान का नाही वापरत लोक, आपल्याकडं एवढं मिळतं. प्रश्न अगदी योग्य आहे. सागवान त्याच हिशोबानं २.५ आणि ५.८ टक्केच आक्रसतं, बासवूडच्या मानानं बरंच कमी, आणि आपल्या मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारच्या सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. पण १:७५ च्या मापात सागवानाची छिद्रं आणि रेषा फार मोठ्या दिसतात, ब्लेड लवकर बोथट होतं, आणि लाकडात तेल असल्यामुळं चिकटवायच्या आधी थिनरनं पुसून घ्यावं लागतं. मोठ्या मापाच्या होडीला सागवान उत्तम. बारीक कामाला भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधे हळदूचा तुकडा मिळाला तर बघा, पिवळसर, घट्ट, रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, डोलकाठीवरचे बारीक भाग त्यात सुंदर होतात.

खऱ्या जहाजाचा विषय निघालाच आहे तर, खरी लाकडी होडी पाण्यात असते म्हणून तिचं लाकूड फुगलेलंच राहतं आणि सांधे बंद राहतात, कोकणात वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीचे सांधे उन्हात उघडतात आणि परत पाण्यात गेली की मिटतात. मॉडेलला ते सुख नाही. ते कायम कोरड्यावरच.

पावसाळ्यातला सराव

जहाज कपाटात. कपाटाच्या वर नाही, आत, कारण वर स्लॅबची गरमी लागते, आणि कूलरच्या झोतात तर अजिबात नाही, दिवसा कूलर रात्री बंद असं झालं की लाकडाला रोज छोटा पावसाळा आणि छोटा उन्हाळा होतो.

त्या महिन्यांत नानांनी सरावासाठी अर्धा हल केला. म्हणजे जहाज उभं मधोमध चिरल्यावर एक बाजू फळीवर लावावी तसा. अप्पा बळवंत चौकातून माउंटबोर्ड म्हणजे जाड पुठ्ठा आणला, बल्कहेडचे अर्धे आकार त्यातून कापले, प्लायच्या तुकड्यावर उभे चिकटवले, आणि बोहरी आळीत मिळालेल्या साध्या लाकडी पट्ट्यांनी मढवला. खर्च अगदी किरकोळ, कारण हा मोडून टाकायचाच होता. नवशिक्यानं महागडं किट उघडायच्या आधी असा एक अर्धा हल करावाच असं मला वाटतं, कस्टम ड्युटी भरून आलेल्या पट्ट्या वाया जायची धाकधूक नसली की हात मोकळा चालतो.

यात दोन गोष्टी घटवून घेतल्या. एक, पट्टी लावायच्या आधी बल्कहेडच्या कडा तासणं. पुढच्या आणि मागच्या बल्कहेडची कड तिरपी तासली नाही तर पट्टी फक्त एका टोकावर टेकते, पूर्ण रुंदीवर बसत नाही, आणि मग तिथं डिंक धरत नाही. एक बारीक लवचिक पट्टी नुसती हातानं हलवर धरून पुढून मागं बघायचं, ती प्रत्येक बल्कहेडला सपाट टेकली पाहिजे, कुठं उजेड दिसला तर अजून तासायचं. या कामाला लोक एक संध्याकाळ देतात, मी म्हणेन जेवढा वेळ लागेल तेवढा द्या.

दुसरी, पट्ट्या निमुळत्या करणं. कागदाची पातळ पट्टी घेऊन प्रत्येक बल्कहेडवर डेकपासून कण्यापर्यंत धरायची, अंतर मोजायचं, पट्ट्यांच्या संख्येनं भागायचं, आणि त्या खुणा बल्कहेडवर पेन्सिलनं करायच्या. म्हणजे कुठली पट्टी कुठं किती रुंद हे आधीच ठरलं. एक नियम आहे तो पाळायचा, पट्टी तिच्या मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा बारीक करायची नाही, निम्म्यापेक्षा कमी यायला लागली तर दोन पट्ट्यांच्या जागी पुढं एकच न्यायची. आणि मागं जिथं जागा उलट वाढते तिथं मधे पाचरीसारखा जादा तुकडा घालायचा. नानांनी निमुळतं करायला स्वतःची युक्ती काढली, पट्टी दोन पोलादी पट्ट्यांच्या मधे तिरकी धरून वाइसमधे आवळायची आणि वर आलेला भाग बारीक कानशीनं पोलादापर्यंत खाली आणायचा. डावी-उजवी जोडी एकदम होते, दोन्ही अगदी सारख्या. ब्लेडनं कापण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं आहे, मी आता माझ्या टेबलावर तेच वापरतो. ब्लेड लागेल तिथं औषधाच्या दुकानातलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड घ्यायचं, स्वस्त पडतं आणि धार उत्तम.

नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. आधी नाळ. सगळ्यात वाईट कंगोरे असलेल्या चार-चार पट्ट्या दोन्ही बाजूंनी काढायच्या ठरल्या. फेविक्विक अॅसिटोननं मऊ होतं, ब्रशनं सांध्यावर लावायचं, थांबायचं, पातळ पातं आत सरकवायचं, परत लावायचं. घाई केली तर पट्टी चिरते. खिडक्या उघड्या आणि जवळपास गॅस-उदबत्ती काही नाही. जुन्या पट्ट्या निघाल्यावर बल्कहेड परत तासले आणि निमुळत्या केलेल्या, वाकवून पूर्ण वाळवलेल्या पट्ट्या फेविकॉलनं बसवल्या, चिमटे आणि रबरबँड लावून रात्रभर. बाकीचे कमी उचललेले कंगोरे घासून पातळीत आले, १.५ मधलं तेवढं लाकूड घासलं तर चालतं.

मग भेगा. त्याच बासवूडच्या उरलेल्या पट्ट्यांतून लांब बारीक पाचरी काढल्या, एका कडेला ०.३ आणि दुसऱ्या कडेला ०.७, रेषा पट्टीच्याच दिशेनं, म्हणजे पुढं हलली तरी हलबरोबरच हलेल. फेविकॉलचा अगदी पातळ हात, पाचर हलक्या दाबानं आत, ठोकायची नाही. ठोकली की तुम्ही स्वतःच शेजारचा सांधा उघडता. वाळल्यावर वरचा भाग छाटून १२० आणि मग २२० च्या पॉलिश पेपरनं घासलं. पुट्टी फक्त टाचणीच्या भोकांएवढ्या जागांना.

दुसऱ्या थराला मी पाण्याच्या डिंकाला नाही म्हणालो. अक्रोडाची ती पट्टी एवढी पातळ असते की फेविकॉलमधल्या पाण्यानंच ती फुगते, चिकटते फुगलेली आणि नंतर आक्रसते, म्हणजे तोच खेळ परत. त्याऐवजी फेविकॉल एसआर, रबरवालं, सनमायकाला वापरतात ते. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की दाबून बसवायचं, आणि एकदा बसलं की सरकवता येत नाही म्हणून आधी नीट जुळवून घ्यायचं. पाणी नाही, आणि वाळल्यावरही थोडं लवचिक राहतं त्यामुळं खालचं लाकूड हललं तर वरचं लगेच फाटत नाही. वरच्या थराचे सांधे खालच्या भेगांवर येणार नाहीत असे सरकवून घेतले.

डिसेंबर संपता संपता हल पूर्ण झाला आणि लगेच बाहेरून पातळ वॉर्निशचे हात. वॉर्निशनं ओल थांबत नाही पण आत-बाहेर जायचा वेग कमी होतो, चढउतार सौम्य होतात. आतून द्यायला पाहिजे होतं, पण डेक आधीच बसलेला, आत हात जात नव्हता. पुढच्या जहाजाला डेक लावायच्या आधी आतून दोन हात द्यायचे हे वहीत लिहून ठेवलंय.

पुढचा एप्रिल

नानांनी त्याच खुणांवर परत फीलर गेज लावलं. तीन ठिकाणी केसाएवढ्या रेषा दिसल्या. त्यांतल्या दोन ठिकाणी सगळ्यात बारीक ०.०५ चं पातंपण जात नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी, सहाव्या बल्कहेडच्या शेजारी, ०.०५ जातं आणि ०.१० जात नाही. आधी तिथं ०.८५ होतं.

रंगाबद्दल आमचं एकमत होत नव्हतं. मला अक्रोड तसाच ठेवावा वाटत होतं, एवढं सुरेख बसलंय म्हणून. नानांना खऱ्या ब्लूनोजसारखा वरून काळा आणि पाण्याखालचा तांबूस लालच पाहिजे होता, नाण्यावरच्या जहाजाला लाकडी रंग नको म्हणाले. जहाज त्यांचं आहे, काळाच झाला, फक्त चकचकीत न घेता मॅट घेतला, कारण चकचकीत काळ्यावर केसाएवढी रेषसुद्धा लांबून दिसते.

सध्या डोलकाठ्या उभ्या आहेत आणि दोऱ्या चालू आहेत. किटमधला सुती दोरा आम्ही बाजूला ठेवला. सूत दमट हवेत आखडतं आणि कोरड्यात सैल पडतं, एप्रिलमधे ताठ बांधलेल्या दोऱ्या जुलैत डोलकाठी ओढून वाकवतात. तुळशीबागेतून शिवणाचा पॉलिएस्टर दोरा आणलाय, तीन जाडीचा, काळा आणि फिकट तपकिरी.

मुलगी यंदा परत येणार आहे, तिनं विचारलं बाबा काय आणू, कुठलं मोठं जहाज पाहिजे का. नानांनी मॉडेल शिपवेज या कंपनीचा तीन छोट्या बोटींचा संच सांगितलाय, त्यातली पहिली डोरी. उघडी, सपाट तळाची, १:२४ च्या मापाची. ग्रँड बँक्स या उथळ समुद्रातल्या मासेमारीत ब्लूनोजसारख्या स्कूनर अशाच डोऱ्या डेकवर एकात एक रचून न्यायच्या आणि माणसं त्यांतून कॉड मासे धरायला उतरायची. उघडी असल्यामुळं आतून-बाहेरून दोन्हीकडं वॉर्निश देता येतं. डबा आल्या आल्या उघडून पट्ट्या खोलीतल्या हवेत मोकळ्या ठेवायच्या आणि डिंकाला हात नोव्हेंबरात लावायचा असं ठरलंय.